अंधारच आहे, तर लपायचं कोणापासून? खोल समुद्रातलं लपणं आणि नक्कल

ओंजळ (मूळ प्रश्न)

विज्ञान प्रदर्शनासाठी खोल समुद्रातल्या प्राण्यांच्या लपण्यावर चार तक्ते आणि एक अंधारी पेटी करायची आहे. वाचन बरंच झालंय, पण तीन ठिकाणी घोडं अडलंय.

१) २०० मीटरखाली उजेडच नसतो, मग लपायचं कोणापासून? आणि तिथली कोळंबी लालभडक कशी? लाल तर उठून दिसणारा रंग.

२) काही मासे पोटाखाली दिवे लावून अदृश्य होतात म्हणे. अंधारात दिवा लावला तर उलट आधी दिसायला हवं ना?

३) नक्कल म्हटली की अँगलरफिशचा दिवा आणि मिमिक ऑक्टोपस एवढंच सापडतं. खोल पाण्यात आणखी कोण कशाची नक्कल करतं?

यातलं काय काय पेटीत दाखवता येईल तेही सांगा. एलईडी, कागद, आरसा, पुठ्ठा असं साधं साहित्य आहे.

---

निळाई

मिमिक ऑक्टोपसला आधी तक्त्यावरून उतरवा. तो उथळ पाण्यातल्या वाळू-चिखलाच्या तळावर राहतो, त्याचा इथे संबंध नाही.

आता पहिला प्रश्न. २०० मीटरखाली उजेड नसतो हेच चुकीचं आहे. २०० ते १००० मीटर हा संधिप्रकाशाचा पट्टा. अगदी नितळ समुद्रात साधारण दर ७५ मीटरला उजेड दहापट घटतो. म्हणजे ६०० मीटरवर तो आठ वेळा दहापट घटलेला असतो, वरच्या उजेडाचा दहा कोटींतला एक भाग. माणसाला तो काळोखच. पण तिथल्या माशांचे डोळे याच कामासाठी घडलेले आहेत आणि त्यांना सुमारे १००० मीटरपर्यंत दिवसाचा उजेड जाणवतो. या उरल्यासुरल्या उजेडाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो जवळजवळ एकाच रंगाचा असतो, ४७० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा. आणि तो वरून येतो: वर पाहिलं तर खाली पाहण्यापेक्षा सुमारे दोनशे पट उजळ दिसतं.

दुसरा उजेड प्राण्यांचा स्वतःचा. तोही बहुतांशी निळाच. ड्रॅगनफिशसारखे शिकारी डोळ्याजवळच्या दिव्यांनी समोरचं पाणी उजळून पाहतात. त्यामुळे तिथे "लपणं" असं एक कौशल्य नसतं. वरच्या उजेडाविरुद्ध जे चालतं तेच शिकाऱ्याच्या या बॅटरीसमोर घात करतं. तक्ते याच धाग्यावर बांधा, नाहीतर नुसती प्राण्यांची यादी होईल.

आरसा घ्या. हॅचेटफिशच्या कुशी चांदीसारख्या असतात. त्वचेत ग्वानिन या स्फटिकी द्रव्याच्या पातळ चकत्या आणि मध्ये पेशीद्रव्य असे थर रचलेले. निळ्या उजेडासाठी हिशेब केला तर उत्तम परावर्तनाला ग्वानिनचा थर साधारण ६५ नॅनोमीटर आणि मधली फट ९० नॅनोमीटर लागते. खुल्या समुद्रात उजेड उभ्या अक्षाभोवती सगळीकडे सारखा पसरलेला असतो. मग उभा आरसा एका बाजूचा जेवढा उजेड परतवतो, तेवढाच त्याच्या मागूनही आला असता. पाहणाऱ्याला मधे काही आहे हे कळतच नाही. मात्र बाजूने बॅटरी पडली की हाच आरसा लखलखतो. चंदेरी मासे खोलीबरोबर विरळ होत जातात ते यामुळे.

पारदर्शकतेचंही तेच. ग्लास स्क्विड (स्क्विड म्हणजे माकूळ) काचेसारखे असतात, पण डोळे आणि पाचक ग्रंथी काही पारदर्शक करता येत नाहीत. ती ग्रंथी लांबट सळईसारखी असते आणि शरीर कसंही कललं तरी उभीच राहते, म्हणजे खालून पाहणाऱ्याला फक्त टोकाचा ठिपका दिसावा. डोळ्यांखाली वेगळे दिवे असतात, डोळ्यांची सावली पुसायला. एवढं करूनही ऊती आणि पाणी यांचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो ते प्रमाण) तंतोतंत जुळत नाही, आणि बॅटरीच्या झोतात कडा चमकतात.

या पेचावरचा सगळ्यात देखणा तोडगा जापेटेला या छोट्या ऑक्टोपसचा. एरवी तो पारदर्शक. निळा झोत अंगावर पडला की त्वचेतल्या रंगपिशव्या क्षणात पसरतात आणि तो गडद लालसर होतो. झोत गेला की पुन्हा काचेसारखा. २०११ साली सारा झिलिन्स्की आणि सोन्के जॉन्सन यांनी हे दाखवलं. लाल झोत टाकला तर तो असा बदलत नाही. एका तक्त्यावर फक्त हाच ठेवला तरी चालेल.

आता लाल कोळंबी. लाल रंगद्रव्य निळा उजेड शोषून घेतं, आणि परत पाठवायला तिथे लाल उजेड नसतोच. म्हणजे ती तिथे काळी. आपल्याला लाल दिसते कारण फोटो पाणबुडीच्या पांढऱ्या दिव्यात काढलेला असतो. तक्त्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं द्या, पांढऱ्या दिव्यातली आणि निळ्या उजेडातली. दुसरं चित्र जवळजवळ कोरं काळं येईल, आणि तेच दाखवायचंय.

यालाही तोड आहेच. मॅलाकोस्टियस नायजर या ड्रॅगनफिशच्या डोळ्याखाली लाल दिवा असतो, ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा. आपलाच लाल उजेड पाहता यावा म्हणून तो डोळ्यात क्लोरोफिलपासून बनलेलं द्रव्य वापरतो. त्या झोतात लाल कोळंबी उघडी पडते आणि तिला पत्ताही लागत नाही. फक्त पल्ला तोकडा: पाणी हा उजेड मीटरभरातच जवळजवळ निम्मा शोषतं आणि पाच मीटरला पाच टक्केही उरत नाही.

आणि अति-काळे मासे. २०२० साली १६ जाती नोंदल्या गेल्या ज्यांची त्वचा निळ्या उजेडाचा अर्धा टक्काही परत पाठवत नाही. ओनिरोडीस या अँगलरफिशच्या जातीत ते प्रमाण ०.०४ टक्के निघालं. गंमत रचनेत आहे. साध्या काळ्या माशात रंगपेशींमधे फटी असतात. इथे मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या कणांचा सलग, दाट थर असतो आणि कणांचा आकार असा की जो उजेड शोषला जात नाही तो मागे न जाता आडवा शेजारच्या कणावर जातो आणि तिथे शोषला जातो. वेगळं काही बांधकाम नाही, रंगद्रव्य हाच सापळा. झोतात दिसण्याचं अंतर ढोबळमानाने परावर्तनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. २ टक्क्यांवरून ०.०५ वर आलात तर परावर्तन ४० पट कमी, अंतर साधारण सहापट कमी. दहा मीटरवरून दिसणारा मासा दीड मीटरवर आल्याशिवाय दिसणार नाही.

काही माशांच्या पोटाचं अस्तरही काळं असतं. गिळलेलं भक्ष्य आत चमकत राहिलं तर पोट कंदिलासारखं दिसेल, म्हणून.

---

काजवा

निळाईंनी सोडलेला दुसरा प्रश्न घेतो.

"अंधारात दिवा" ही कल्पनाच सोडा. खालून वर पाहणाऱ्या शिकाऱ्याला पार्श्वभूमी काळी दिसत नाही, फिकट निळी दिसते आणि तिच्यावर माशाची काळी सावली. पोटाखालचे दिवे ही सावली बुजवण्यासाठी असतात. याला काउंटर-इल्युमिनेशन म्हणतात. लँटर्नफिश, हॅचेटफिश, कितीतरी स्क्विड आणि कोळंब्या, काही शार्कसुद्धा हे करतात.

नुसता दिवा लावून भागत नाही, चार गोष्टी जुळाव्या लागतात.

तीव्रता. प्राणी वरून किती उजेड येतोय ते मोजतो आणि पोटाचा उजेड तेवढा ठेवतो. काही स्क्विडना त्यासाठी डोळ्यांखेरीज वेगळे प्रकाशग्राही असतात.

कोन. सरळ खाली सगळ्यात जास्त, बाजूंना कमी, असाच उजेड वरून येतो, म्हणून दिव्यांनाही तोच पसारा लागतो. हॅचेटफिशच्या दिव्यांना आतून चांदीचा मुलामा असलेली नळी असते, ती उजेड हव्या त्या कोनांत वाटते. हे काम ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक डेंटन आणि सहकाऱ्यांनी उलगडलं.

रंग. दिव्यांवर रंगीत गाळणी असते. काही स्क्विड तर पाण्याच्या तापमानावरून रंग बदलतात: थंड पाणी म्हणजे दिवस आणि खोली, तेव्हा निळा, कोमट पाणी म्हणजे रात्री वर आलोय, तेव्हा थोडा हिरवट.

आणि ठिपके. दिवे सुटे असतात, जवळून पाहिलं तर ठिपके वेगळे दिसतात. लांबून ते मिसळतात. मंद उजेडात पाहणारे डोळे शेजारशेजारच्या पेशींचे संदेश एकत्र करतात, त्यामुळे त्यांना बारीक तपशील तसाही कमीच दिसतो. लपणाऱ्याच्या पथ्यावर पडतं ते.

फसतं कुठे? दिव्यांच्या ताकदीला मर्यादा आहे. भर दुपारी १०० मीटरवरच्या उजेडाशी बरोबरी करणं या दिव्यांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून हे प्राणी दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात. दुसरं, प्राण्याच्या दिव्याचा वर्णपट वरच्या उजेडापेक्षा थोडा रुंद असतो, त्यात हिरवा जरा जास्त. स्कोपेलार्कस आणि अर्गायरोपेलेकस अफिनिस या माशांच्या डोळ्यांचं भिंग पिवळं असतं. पिवळं भिंग पार्श्वभूमीचा निळा अडवतं, दिव्यातला हिरवट भाग आत सोडतं, आणि बुजवलेली सावली उजळ होऊन समोर येते. गंमत बघा, अर्गायरोपेलेकस अफिनिस स्वतः हॅचेटफिश. स्वतः दिव्यांनी लपायचं आणि दुसऱ्याचे दिवे ओळखायचे.

पेटीबद्दल. दोन कप्पे करा.

पहिला कप्पा, सावलीचा. साधारण ३० × ३० × ४५ सेंटिमीटर उभा खोका. आतून काळी मखमल लावा, काळा कार्डपेपर नको. तो चारपाच टक्के उजेड परत पाठवतो आणि सगळा खेळ बिघडवतो. वर ट्रेसिंग पेपरचे दोन थर आणि त्यांच्या १५ सेंटिमीटर वर ४७० नॅनोमीटरचे निळे एलईडी. तळाशी ४५ अंशांत आरसा आणि समोर खिडकी, म्हणजे बघणाऱ्याला न वाकता "खालून वर" दिसेल. मध्ये दोऱ्याने आठ सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा मासा टांगा, पोटाला सहा निळे एलईडी. ५ व्होल्टवर प्रत्येकाला २२० ओहमचा रोधक पुरे, साधारण ८ मिलिअँपिअर जातील. सहाही एलईडींच्या सामाईक तारेत एक पोटेन्शिओमीटर (उजेड कमी-जास्त करायचं फिरतं बटण) ठेवा, मुलांना स्वतः फिरवू दे. सावली विरते तो बिंदू फार अरुंद असतो. जरा जास्त फिरवलं की मासा पार्श्वभूमीपेक्षा उजळ होतो, तेव्हा तोही दिसतोच. हे हाताने केल्याशिवाय पटत नाही.

दुसरा कप्पा, बॅटरीचा. आडवा खोका, आतून तीच मखमल. समोर ओळीने पाच वस्तू: आरशाची उभी पट्टी, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, मॅट लाल कागद, काळा कार्डपेपर, मखमल. आधी वरून मंद पसरट निळा उजेड द्या, मग डोळ्याजवळ धरलेली निळी बॅटरी. कोण कधी लपतं आणि कोण कधी उघडं पडतं, तो क्रम बदललेला दिसेल. निळाईंचा सगळा प्रतिसाद त्यात आला.

---

तळठाव

नक्कलीवर थोडं, कारण इथे अंदाज आणि पुरावा यांची सरमिसळ फार होते.

अँगलरफिशच्या मादीच्या कपाळावरचा दांडा आणि टोकाचा दिवा. आत चमकणारे जिवाणू असतात, मासा स्वतः उजेड बनवत नाही. पण तो दिवा "छोट्या माशाची नक्कल" असं सरसकट लिहू नका. समुद्रात विष्ठेच्या आणि कुजक्या पदार्थांच्या कणांवर चमकणारे जिवाणू वाढतात, आणि अशा चमकत्या कणांकडे प्राणी ओढले जातात हे प्रयोगांत दिसलंय. दिवा अशा खाण्यायोग्य कणाची आठवण करून देत असेल, हा अंदाज मला जास्त पटतो. शब्द वापरा "आमिष", ते दोन्हीकडे चालतं.

नेमकी नक्कल हवी तर ग्रिमाल्डिट्यूथिस हा स्क्विड घ्या. इतर स्क्विडच्या दोन लांब शुंडांच्या टोकांवर चूषक किंवा आकडे असतात. याच्या टोकांवर काहीच नाही, चूषक नाहीत, आकडे नाहीत, दिवेही नाहीत. देठ इतके नाजूक की भक्ष्य पकडून ओढणं शक्य नाही. पण टोकांना पडद्यासारख्या कडा असतात आणि त्या फडफडवल्या की टोक स्वतंत्र पोहणाऱ्या छोट्या प्राण्यासारखं हलतं. दूरनियंत्रित पाणबुड्यांच्या चित्रफितींवरून २०१३ साली हे वर्णन आलं. खोली साधारण एक ते दोन किलोमीटर. दिवा नाही, मग भक्ष्याला कळतं कसं? पाण्यातल्या हालचालीमुळे, किंवा त्या हालचालीने आसपासचे चमकणारे सूक्ष्मजीव पेटल्यामुळे असावं, असं लेखकांनी सुचवलंय. तक्त्यावर "सुचवलंय" हाच शब्द ठेवा.

एरेना नावाचा सायफोनोफोर (जेलीफिशच्या नात्यातला प्राणी) १६०० ते २३०० मीटरवर सापडला. त्याच्या दंशशाखांवर लाल चमकणारी आमिषं असतात आणि तो ती झटके देत हलवतो, कोपेपॉड हे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव उड्या मारतात तशी. त्याच्या पोटात मासे मिळाले, तेही इतक्या खोलवर, जिथे मासे विरळच. हे २००५ सालचं.

उलट दिशेची नक्कल, म्हणजे स्वतःला नकोसं दाखवणं, ही कमी लोकांना माहीत असते. खुल्या पाण्यातले काही ईलपाउट मासे त्रास झाला की शेपूट डोक्याशी आणून गोल कडं करतात आणि निश्चल तरंगत राहतात. बाहेरून जेलीफिशची कड वाटते. जेलीफिश म्हणजे बहुतेक पाणी, वर दंश. मासे खाणाऱ्याला त्यात राम नाही. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी उपसागरात संशोधक ब्रूस रॉबिसन यांनी अशा आकार बदलणाऱ्या वर्तनाची नोंद १९९९ साली केली.

कुकीकटर शार्कबद्दल सावध राहा. तो पोटाचे दिवे लावतो, पण गळ्याभोवतीच्या काळ्या पट्ट्यात दिवे नसतात. बाकी अंग पुसलं जातं आणि पट्टा लहान माशाच्या सावलीसारखा उरतो. मोठा मासा त्याला खायला येतो आणि शार्क त्याच्याच अंगाचा गोल लचका तोडतो. सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी १९९८ साली मांडलेलं हे गृहीतक आहे. सुंदर आहे, पण गृहीतकच. तक्त्यावर तसं लिहिलं नाहीत तर कोणीतरी जाणकार तिथेच पकडेल.

जाता जाता: नकलेचा खेळ माणसानेही करून पाहिला. अटोला जेलीफिशला पकडलं की तिच्या कडेने निळ्या उजेडाची चक्रं फिरतात. ती बहुधा आपल्या शिकाऱ्याचा शिकारी बोलावण्यासाठी. विडर यांनी निळ्या एलईडींच्या गोल चकतीने तीच चक्रं काढली आणि शेजारी मंद लाल उजेडाचा कॅमेरा लावला, कारण लाल बहुतेकांना दिसत नाही. २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्या कॅमेऱ्यासमोर महाकाय स्क्विड आला.

---

ओंजळ

तिघांचेही आभार. दोन्ही कप्पे कच्चे जोडून पाहिले. दोन अडचणी आहेत. दुसऱ्या कप्प्यात लाल कागद काळा होण्याऐवजी केशरी पेटल्यासारखा दिसतोय. आणि पहिल्या कप्प्यात सावली विरते, पण सहा ठिपके ठळक दिसतात.

---

काजवा

कागद निऑन छापाचा आहे. त्यातला रंग निळा उजेड शोषून लांब तरंगलांबीचा उजेड बाहेर टाकतो, म्हणून पेटतो. खूण सोपी: निळ्या बॅटरीत कागदाकडे लाल जिलेटिन पेपरमधून पाहा. साधा लाल असेल तर काहीच दिसणार नाही, निऑन असेल तर झळकेल. मॅट, साधा लाल पोस्टर रंग स्वतः लावलेला कागद सगळ्यात भरवशाचा. चकचकीत नको, त्याच्या पृष्ठभागावरून निळाच उजेड परत येतो. आणि बॅटरी खरोखर निळ्या एलईडीची आहे ना ते बघा. पांढऱ्या बॅटरीवर निळा जिलेटिन लावला असेल तर त्यातून लाल गळतो आणि कागद तपकिरी दिसतो.

ठिपक्यांसाठी एलईडींच्या एक सेंटिमीटर खाली ट्रेसिंग पेपरची पट्टी ताणून लावा, कडा माशाच्या कडेशी बरोबर कापून. माणसाचा डोळा या कामाला फार तीक्ष्ण आहे. दीड मीटरवरूनही एक सेंटिमीटर अंतराचे ठिपके वेगळे दिसतात. पट्टी कडेबाहेर गेली तर उजेडाची किनार दिसेल, आत राहिली तर काळी किनार. दोन-तीनदा कापावी लागेल.

पिवळ्या भिंगाची गंमत दाखवायची असेल तर सहापैकी दोन एलईडी ५०५ नॅनोमीटरचे निळसर-हिरवे घाला, मंद ठेवून. पिवळा जिलेटिन डोळ्यासमोर धरला की पार्श्वभूमी जवळजवळ विझते आणि मासा उजळतो. जिलेटिनशिवायही माणसाला रंगात किंचित फरक कळेल, त्याला इलाज नाही. खोल पाण्यातल्या बहुतेक माशांच्या डोळ्यात एकच दृष्टीरंगद्रव्य असतं, त्यांना रंग नाही, फक्त उजेडाचा कमी-जास्तपणा दिसतो. ही ओळ पेटीच्या खिडकीखालीच चिकटवा, नाहीतर प्रत्येकजण तेच विचारेल.

---

तळठाव

तक्त्याच्या कोपऱ्यात स्पर्म व्हेलही काढा. तो आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून शिकार करतो. काळी त्वचा, पोटाचे दिवे, पारदर्शक अंग, यातलं काही त्याच्यापुढे चालत नाही.